प्रश्न कुणी बदलला?

डेनिस जिओया १९७२ साली फोर्ड कंपनीत लागला तेव्हा त्याच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी होती, एमबीए होतं आणि बड्या कंपन्यांबद्दल भरपूर संशयही होता. साठच्या दशकात कॉलेजात शिकलेल्या पिढीतला तो. बाहेर राहून घोषणा देण्यापेक्षा आत शिरून कंपनी सुधारावी, असं त्याच्या मनात होतं. वर्षभरात त्याच्याकडे सदोष गाड्या परत बोलावण्याचं, म्हणजे रिकॉलचं काम आलं. सदसद्विवेक जागा असलेला माणूस नेमका हव्या त्या खुर्चीत बसला म्हणायचा. त्याच खुर्चीसमोर पिंटो या छोट्या गाडीचे अहवाल आले. मागून फार जोराची नसलेली धडक बसली तरी इंधनाची टाकी फुटते आणि गाडी पेट घेते, असं त्यांत होतं. जळून गेलेली एक पिंटो त्यानं स्वतः जाऊन पाहिली आणि तो हादरला. विभागाच्या बैठकीत त्यानं विषय मांडला. चर्चा झाली, मतं घेतली गेली, आणि गाड्या परत बोलावू नयेत या बाजूनं त्याचंही मत पडलं.

तो स्वतः पिंटोच चालवत होता. पुढे ती त्यानं आपल्या बहिणीला विकली.

या शेवटच्या तपशिलाशी मी नेहमी अडखळतो. लोभी माणूस, निगरगट्ट माणूस, पैशासाठी दुसऱ्याचा जीव घेणारा माणूस, ही सगळी तयार स्पष्टीकरणं इथे गळून पडतात. बहिणीला कुणी जाणूनबुजून पेटणारी गाडी विकत नाही.

जिओयानं १९७५ मध्ये फोर्ड सोडली, तो व्यवस्थापनशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि १९९२ मध्ये त्यानं या प्रकरणावर एक लेख लिहिला. आपण तेव्हा असं कसं वागलो, याचा तो शोध आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रोज येणाऱ्या फायलींचा ढीग उपसायचा तर डोक्यात काही ठरलेल्या खुणा लागतात. एकच दोष किती वेळा आढळला? बोट ठेवून दाखवता येईल असा निकामी होणारा भाग आहे का? या दोन खुणा जुळल्या की फाईल वर सरकते. पिंटोच्या घटना मोजक्या होत्या आणि कारणाचा धागा सरळ लागत नव्हता. खुणा जुळल्या नाहीत, फाईल खाली गेली. ‘हे बरोबर आहे का’ असा रकानाच त्या पद्धतीत नव्हता, त्यामुळे तो रिकामा राहिल्याचंही कुणाला दिसलं नाही. १९७८ मध्ये फोर्डला सुमारे पंधरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

पिंटोची दुसरी एक गोष्ट याहून जास्त प्रसिद्ध आहे. कंपनीनं माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख डॉलर धरली, एका गाडीच्या दुरुस्तीचे अकरा डॉलर धरले, गुणाकार केला आणि माणसं जळू देणं स्वस्त पडतं असं ठरवलं, ही ती गोष्ट. नीतिमत्तेवरच्या व्याख्यानांत ती हमखास येते. तसा कागद खरोखर होता. पण तो गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीबद्दल होता, सरकारी नियामकासाठी केलेला होता, आणि त्यात सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या धरल्या होत्या. दोन लाखांचा आकडाही मुळात नियामकाचाच. पिंटोच्या टाकीचं काय करायचं, हे ठरवायला तो लिहिलाच नव्हता. तरी आपल्याला तीच गोष्ट आवडते, कारण तिच्यात कुणीतरी बसून हिशेब करतो, खलनायक सापडतो आणि आपण त्याच्यासारखे नाही म्हणून निश्चिंत होतो. जिओयाच्या गोष्टीत कुणीच असा हिशेब करत नाही, आणि मला जास्त भीती तिचीच वाटते.

मी बरीच वर्षं इंटर्नल ऑडिटमध्ये काढली. बाहेरच्यांना वाटतं तसे घोटाळे या कामात रोज हाती लागत नाहीत. हाती लागतात त्या सवयी. एकदा एका कंपनीत तिमाही विक्रीची तपासणी करताना मेलची एक लांबलचक साखळी वाचायला मिळाली. सब्जेक्टमध्ये लिहिलं होतं, ‘क्वार्टर क्लोजर सपोर्ट’. प्रकरण साधं होतं. तिमाही संपत आली होती, विक्रीचा आकडा कमी पडत होता, एका मोठ्या ऑर्डरचा माल गोदामात तयार होता, पण ग्राहकाला तो पुढच्या महिन्यात हवा होता. तेव्हा बिल आज फाडायचं आणि माल नंतर पाठवायचा.

त्या साखळीतली मंडळी अडाणी नव्हती की बेरकीही नव्हती. त्यांचे प्रश्न अगदी कामाचे होते. ग्राहकाची क्रेडिट लिमिट पुरेल का? कर या महिन्यात भरावा लागेल, मग पैशांची सोय आहे का? स्टॉकमधून माल वजा दाखवला तर महिनाअखेरच्या मोजणीत फरक येईल, तो कसा समजावायचा? ट्रान्सपोर्टरची पावती कुठल्या तारखेची लावायची? प्रत्येकानं आपापल्या खात्याचं काम चोख केलं होतं. मेलमागून मेल, प्रत्येकाखाली ‘नीडफुल करावे’. सगळ्या साखळीत एकच प्रश्न वेगळा होता, तो डिस्पॅचच्या एका नव्या मुलाचा: “गाडी तर गेली नाही. मग गेट रजिस्टरमध्ये काय लिहू?”

त्याला दोनच शब्दांचं उत्तर आलं होतं. “कॉल मी.”

फोनवर काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. पण रजिस्टरमध्ये त्या तारखेला गाडीची नोंद होती, त्याच मुलाच्या अक्षरात. त्याला कुणी धमकावलं असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी हसून ‘अरे, असं असतं’ म्हणालं असेल, आणि तेवढं पुरेसं असतं. कामावर लागून फार दिवस न झालेल्या माणसाला नियमांपेक्षा जास्त गरज असते ती आपण बावळट ठरत नाही ना, हे कळण्याची. विक्रीप्रमुखांना विचारलं तर ते मनापासून म्हणाले, “माल गेलाच ना नंतर? पैसेही आले. खोटं काय आहे त्यात?” नरो वा कुंजरो वा. फरक एवढाच की युधिष्ठिराला आपण काय बोलतोय ते ठाऊक होतं.

यातली यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. पुढच्या तिमाहीची विक्री आज ओढली की पुढची तिमाही तेवढ्या खड्ड्यानं सुरू होते. तिच्या शेवटी तो खड्डा अधिक नवीन तूट, असं दोन्ही भरावं लागतं, म्हणजे आणखी मोठी ओढ. पहिल्या वेळी ज्याला अपवाद म्हटलं होतं ते चौथ्या वेळेपर्यंत कामाच्या पद्धतीत बसतं. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ ला संचालक मंडळाला लिहिलेलं पत्र या दृष्टीनं वाचावं. प्रत्यक्ष नफा आणि दाखवलेला नफा यांत सुरुवातीला किरकोळ अंतर होतं, ते वर्षानुवर्षं वाढत गेलं, असं ते सांगतात. वाघावर बसल्यासारखं झालं होतं, खाल्लं न जाता उतरावं कसं ते कळेना, हे त्यातलं गाजलेलं वाक्य. त्या पत्राच्या काही महिने आधी याच कंपनीला उत्तम कारभाराबद्दल पुरस्कार मिळाला होता, नंतर तो काढून घेतला. वाघाची उपमा सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला ‘किरकोळ अंतर’ जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्या टप्प्यावर वाघ नसतो. तेव्हा असते ती एक मेलची साखळी आणि ‘सपोर्ट’ असा विषय.

संस्थेची संस्कृती म्हणजे काय, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी माझ्यापुरती तिची एकच ओळख ठरवली आहे: इथल्या लोकांना कुठला प्रश्न सुचतच नाही? माणूस चांगल्या-वाईटाच्या चौकात उभा आहे, एका हाताला लोभ, दुसऱ्या हाताला नीती, आणि तो निवड करतोय, असं चित्र आपण रंगवतो. प्रत्यक्षात चौक लागतच नाही. रस्ता सरळ जातो. प्रश्न त्याच्यापर्यंत पोचेतो तो तांत्रिक झालेला असतो, किंवा वेळेचा, किंवा ‘ग्राहकाला सांभाळण्याचा’, आणि त्या प्रश्नाचं तो प्रामाणिकपणे उत्तम उत्तर देतो.

हे नुसतं माझं मत नाही. स्टॅनफर्डमध्ये ली रॉस आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांनी खेळायचा साधा खेळ. दोघांनी सहकार्य केलं तर दोघांचाही बऱ्यापैकी फायदा, एकानं दगा दिला तर दगा देणाऱ्याचा जास्त. काही जणांना सांगितलं की या खेळाचं नाव ‘कम्युनिटी गेम’, काहींना सांगितलं ‘वॉल स्ट्रीट गेम’. नियम तेच, बक्षीस तेच. पहिल्या गटात सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सहकार्य केलं, दुसऱ्यात सुमारे एक तृतीयांश. कोण सहकार्य करील आणि कोण दगा देईल, हे वसतिगृहात त्या मुलांना रोज पाहणाऱ्यांकडून आधी विचारून घेतलं होतं. त्या भाकिताचा काही उपयोग झाला नाही. माणसाच्या स्वभावावरून जे सांगता आलं नाही, ते खोलीत शिरताना कानावर पडलेल्या नावावरून सांगता आलं. आता खोलीच्या जागी ऑफिस धरा, आणि हे नाव एकदाच नाही तर रोज, प्रत्येक आढावा बैठकीत, प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकू येतंय असं धरा.

घाईचंही तसंच. प्रिन्स्टनमध्ये धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं, हा १९७३ सालचा प्रयोग. वाटेत एक माणूस दारात कोसळून कण्हत होता. वेळ हाताशी आहे असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषय वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधली कथा हाच होता, आणि त्यानंही फारसा फरक पडला नाही. ज्या कंपन्यांत सगळंच ‘कालपर्यंत’ हवं असतं तिथे नीतिमत्तेचं प्रशिक्षण कितपत लागू पडणार, हे यावरून ताडावं. प्रशिक्षणाची पद्धतही आपल्याला ठाऊक आहे: स्लाइड, ‘नेक्स्ट’, स्लाइड, ‘नेक्स्ट’, शेवटी पाच सोपे प्रश्न आणि प्रमाणपत्र.

प्रश्न डोळ्यांदेखत बदलल्याचं सगळ्यात स्वच्छ नोंदलेलं उदाहरण २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीचं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर यान उडायचं होतं. यानाची घन इंधनाची रॉकेटं मॉर्टन थायोकोल कंपनीनं बनवलेली. या रॉकेटच्या तुकड्यांमधले सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या थंडीत कडक होतात, त्यातून जळता वायू निसटू शकतो, हे तिथले इंजिनिअर रॉजर बॉइजोली आणि त्यांचे सहकारी आधीपासून सांगत होते. त्या रात्री कडाक्याची थंडी पडणार होती. फोनवर बैठक झाली, एकीकडे नासा, दुसरीकडे थायोकोल. तापमान ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण नको, अशी शिफारस कंपनीनं केली. नासाच्या लॅरी मलॉय यांनी वैतागून विचारलं की मग मी उडवू तरी केव्हा, पुढच्या एप्रिलमध्ये?

थायोकोलनं फोन बाजूला ठेवून आपसात बोलायला थोडी मुदत मागितली. इंजिनिअर पुन्हा फोटो आणि कागद पुढे करत राहिले. तेव्हा जेराल्ड मेसन या वरिष्ठ अधिकाऱ्यानं इंजिनिअरिंग विभागाचे प्रमुख बॉब लंड यांना म्हटलं की आता डोक्यावरची इंजिनिअरची टोपी काढा आणि मॅनेजरची घाला. लंड यांनी मत बदललं. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यानाचे तुकडे झाले आणि सातही अंतराळवीर गेले.

टोपीचं वाक्य सगळे सांगतात. बॉइजोली यांनी चौकशी आयोगापुढे जे सांगितलं ते मला त्याहून मोलाचं वाटतं. एरवीच्या बैठकांत उड्डाण सुरक्षित आहे हे इंजिनिअरांना सिद्ध करावं लागायचं. जराशी शंका असली तरी समोरचे सोलून काढायचे. त्या रात्री मात्र उड्डाण धोक्याचंच आहे हे निःसंशय सिद्ध करा, अशी मागणी होती. पुरावा द्यायची जबाबदारी या बाजूवरून त्या बाजूवर गेली, आणि तसा ठराव कुणी मांडला नव्हता. थोड्या आकडेवारीवरून ‘सुरक्षित आहे’ हे सिद्ध होत नव्हतं, तसं ‘नक्की फुटेल’ हेही सिद्ध होत नव्हतं. आकडेवारी तीच राहिली. प्रश्न उलटा होताच उत्तर उलटं आलं.

डायेन व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पुढे या निर्णयाचा मुळापासून अभ्यास केला. १९८१ मधल्या दुसऱ्याच शटल उड्डाणात त्या कड्यांची झीज दिसली होती. यान सुखरूप परतलं, म्हणून एवढी झीज चालते असं ठरलं. पुढे थोडी जास्त दिसली, तीही चालली. प्रत्येक वेळी कागदपत्रं व्यवस्थित, बैठका रीतसर, सह्या जागच्या जागी. नियम मोडून घात झाला असता तर समजायला सोपं होतं. इथे नियम पाळत पाळतच मंडळी दरीच्या टोकापर्यंत गेली. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान परतताना कोसळलं. अपघाताला उड्डाणाच्या वेळी टाकीवरून सुटून पंखावर आदळलेला इन्सुलेशनच्या फेसाचा तुकडा जितका कारणीभूत, तितकीच नासाची संस्कृती कारणीभूत, असं तेव्हाच्या चौकशी मंडळानं लिहिलं. फेसाचे तुकडेही आधीच्या उड्डाणांत पडत आले होते आणि तरी यानं सुखरूप परत येत होती.

आता भिंतीवरच्या सुभाषितांकडे वळायला हवं, जरी त्यांच्यावर हसणं फार सोपं झालंय. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची आचारसंहिता ६४ पानांची होती. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही त्यांची चार मूल्यं. वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांना कंपनीशीच व्यवहार करणाऱ्या भागीदारी संस्था चालवायच्या होत्या, तेव्हा संचालक मंडळानं त्यांच्यापुरती ती आचारसंहिता बाजूला ठेवली, आणि तेही बैठकीत, रीतसर ठरावानं. संहितेतून सूट घेण्याची प्रक्रियाही संहितेतच असते, हे मी बऱ्याच कंपन्यांत पाहिलंय. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉननं दिवाळखोरी जाहीर केली.

माझ्या मते खरी आचारसंहिता छापलेली नसते. ती चहाच्या वेळी सांगितलेल्या गोष्टींतून लोकांपर्यंत जाते. अमक्यानं शंका काढली आणि पुढच्या वर्षी त्याचं प्रमोशन अडलं. तमक्यानं सगळ्यांना वाकवलं पण आकडा आणला, तो आज डायरेक्टर आहे. नवा माणूस अशा दोनतीन गोष्टी ऐकतो आणि त्याला कळायचं ते कळतं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत हेच झालं. प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकायच्या, असं लक्ष्य होतं. आठच का, तर इंग्रजीत आठचं ‘ग्रेट’शी यमक जुळतं म्हणून. लक्ष्य गाठता येईना तेव्हा कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा अशा खात्यांचा आकडा सुमारे वीस लाख सांगितला गेला, पुढे तो पस्तीस लाखांपर्यंत गेला. नीतिमत्तेच्या हॉटलाइनवर तक्रार केली आणि आपलीच नोकरी गेली, असं काही कर्मचाऱ्यांनी सांगितलं. तेव्हा तक्रारीचा नंबर होता, आणि तो फिरवल्यावर काय होतं हेही लोकांना माहीत होतं. अळीमिळी गुपचिळी.

गप्प बसण्याचा विषय निघाला म्हणून संस्थांच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांचं संशोधन. नव्वदच्या दशकात त्या रुग्णालयांतल्या टीम आणि औषधं देताना होणाऱ्या चुका यांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, ही त्यांची अपेक्षा. आकडे आले ते उलटे: चांगल्या टीममध्ये चुका जास्त. शोधता शोधता उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तर जास्त सांगितल्या जात होत्या. ऑडिटच्या माणसानं हे घोकून ठेवावं. शून्य तक्रारी, शून्य अपवाद आणि सगळे रकाने हिरवे असं दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. मोठ्या प्रकल्पांच्या आढाव्यात हा प्रवास मी पाहिला आहे. साइटवरच्या माणसानं ‘लाल’ लिहिलेलं त्याच्या वरिष्ठाकडे पिवळं होतं, ‘कारण उपाय चालू आहेत’. त्याच्या वरच्या पायरीवर ते हिरवं होतं, ‘कारण पिवळं दाखवलं तर उगाच चर्चा होईल’. खोटं कुणीच बोललेलं नसतं. प्रत्येकानं फक्त साहेबांचा मूड सांभाळलेला असतो.

उलट बाजूचं उदाहरण म्हणून जॉन्सन अँड जॉन्सनच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या प्रकरणाचा दाखला देतात. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी गोळ्यांच्या बाटल्यांत सायनाइड मिसळलं आणि सात माणसं दगावली. कंपनीनं देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत घेतल्या, सुमारे दहा कोटी डॉलरचा खर्च सोसून. कौतुक या निर्णयाचं होतं. मला त्याच्या आधीचा भाग जास्त भावतो. या कंपनीचं ‘क्रेडो’ नावाचं तत्त्वपत्र १९४३ पासूनचं. त्यात कंपनीचं औषध वापरणाऱ्यांप्रती जबाबदारी पहिली आणि भागधारकांप्रती शेवटी. टायलेनॉलच्या वेळी कंपनीचे प्रमुख असलेल्या जेम्स बर्क यांनी सत्तरच्या दशकात आपल्या व्यवस्थापकांना बसवून विचारलं की या कागदाप्रमाणे वागायचं आहे का, नसेल तर तो भिंतीवरून उतरवू या. भांडणं झाली, लोकांनी उदाहरणं देऊन अडचणी मांडल्या. विषबाधेची बातमी आली तेव्हा ‘पहिली जबाबदारी कुणाप्रती’ हा प्रश्न त्या लोकांनी आधी एकदा हाताळलेला होता. म्हणून तो त्यांना सुचला. हेही सांगायला हवं की पुढे याच कंपनीवर टाल्कम पावडरवरून हजारो खटले भरले गेले. एका पिढीनं घासूनपुसून ठेवलेलं तत्त्व पुढच्या पिढीला आयतं मिळत नाही.

या सगळ्याला एक कुबट बाजू आहे, ती न बोलता पुढे जाणं बरं नाही. ‘संस्कृतीच तशी होती’ ही अलीकडे मोठ्या साहेबांची आवडती पळवाट झाली आहे. संस्कृती चुकली म्हटलं की कुणीच चुकलेलं नसतं. सल्लागार येतात, सर्वेक्षण होतं, नवी मूल्यं छापली जातात. वेल्स फार्गोत सुरुवातीला ज्यांना काढलं ते सुमारे ५,३०० जण बहुतेक खालच्या पायऱ्यांवरचे होते. माजी प्रमुख जॉन स्टम्फ यांना १.७५ कोटी डॉलरचा दंड आणि बँकिंगमध्ये कायमची बंदी, हे २०२० मध्ये. ज्यानं गेट रजिस्टरमध्ये खोटी गाडी लिहिली त्याच्यापेक्षा, ती लिहायला लागावी अशी रचना ज्यांनी उभी केली त्यांची जबाबदारी मी जास्त मानतो. पण लिहिणाऱ्याची शून्य मानत नाही. प्रश्न बदलला गेला हे समजून घेणं वेगळं आणि त्यासाठी माफी देणं वेगळं.

कारण त्या रात्री थायोकोलचा आणखी एक माणूस होता, ॲलन मॅकडॉनल्ड. रॉकेट प्रकल्पाचा संचालक, कंपनीचा प्रतिनिधी म्हणून उड्डाणस्थळी गेलेला. तीच कंपनी, तोच दबाव, तीच थंडी. उड्डाणाच्या शिफारशीवर त्यानं सही करायला नकार दिला. म्हणजे तेच वातावरण अंगावर घेऊनही माणसाला जुना प्रश्न आठवू शकतो. पण पुढे काय झालं? यूटा राज्यातल्या कंपनीच्या कारखान्यातून जो किलमिन्स्टर या उपाध्यक्षानं सही केली आणि कागद फॅक्सनं पाठवला. एका माणसाच्या ‘नाही’नं काम अडू नये अशी सोय संस्थेत असतेच, आणि एरवी तिला आपण कार्यक्षमता म्हणतो.

मॅकडॉनल्डनं नंतर आयोगापुढे खरं काय ते सांगितलं. कंपनीनं त्याला खालच्या कामावर टाकलं. अमेरिकी काँग्रेसमधून कंपनीची कंत्राटं बंद करण्याचा इशारा आल्यावर त्याला परत घेतलं आणि त्या सांध्यांची नव्यानं रचना करण्याचं काम त्याच्याकडे दिलं. २९ सप्टेंबर १९८८ ला डिस्कव्हरी यान उडालं ते त्या सुधारलेल्या सांध्यांवर.

नव्या ठिकाणी ऑडिटला गेलो की आचारसंहितेची प्रत मी मागतो, ती मागावीच लागते. पण गप्पांच्या ओघात आणखी एक विचारतो: इथे शेवटचं ‘हे करणार नाही’ कोण म्हणालं होतं, आणि तो माणूस आता काय करतो? बऱ्याच जागी कुणाचंच नाव आठवत नाही. काही ठिकाणी नाव चटकन येतं आणि पाठोपाठ ‘ते सोडून गेले’ हेही येतं. त्या माणसाचं टेबल अजून तिथेच आहे आणि अवघड फाईल आली की लोक आपणहून त्याच्याकडे घेऊन जातात, असं सांगणारी ऑफिसंही भेटली आहेत. थोडी आहेत. तिथले रिपोर्ट लाल शेऱ्यांनी भरलेले असतात आणि मला लवकर घरी जाता येतं.